राक्षसाचे भय : कृष्णधवल भयपटांच्या टिकाऊपणाविषयी काही विचार

मराठीत भयाचा विषय षष्ठीने सांगितला जातो. संस्कृतात 'व्याघ्रात् भयम्' अशी पंचमी येते. भय कोणाला वाटते आणि कोणापासून वाटते यांत संदिग्धता उरत नाही. मराठीत 'वाघाचे भय' म्हणजे वाघापासून वाटणारे भय. परंतु व्याकरणाला वाघाच्या मनातील भय हा अर्थही वर्ज्य नाही. व्यवहारात हा दुसरा अर्थ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हॉलिवुडमध्ये १९३१ नंतर आणि जपानमध्ये १९५४ साली निर्माण झालेल्या कृष्णधवल भयपटांपैकी जे आजही आवर्जून पाहिले जातात, त्यांचा विचार करताना मात्र हा दुर्लक्षित अर्थच प्रथम विचारात घ्यावा लागतो.

प्रश्न असा की, भयपटाचे प्रयोजन भय उत्पन्न करणे हे असेल, तर ज्याचे भय वाटेनासे झाले तो भयपट मागे पडावयास हवा. युनिव्हर्सल या संस्थेने १९३१ साली प्रदर्शित केलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या आरंभी एक नट पडद्याबाहेर येऊन प्रेक्षकांना सावध करतो आणि कदाचित हे दृश्य सोसणार नाही असे बजावतो. आज ही सूचना ऐकून शाळकरी मुलेही हसतात. तरीही तो चित्रपट जिवंत आहे. १९३८ साली 'ड्रॅक्युला'च्या जोडीने तो पुन्हा प्रदर्शित झाला. १९५७ साली युनिव्हर्सलचे जुने भयपट अमेरिकन दूरचित्रवाणीकडे गेले आणि एका नव्या पिढीने ते घरी बसून पाहिले. तेव्हा त्याच्या आयुष्याचे कारण भयाखेरीज अन्यत्र शोधले पाहिजे. ते स्मृतिरंजनात आहे, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. ज्यांना त्या काळाची स्मृतीच नाही, त्यांनाही हे चित्रपट धरून ठेवतात.

या चित्रपटाची वंशावळ साहित्याच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटावी अशी आहे. मेरी शेलीची कादंबरी १८१८ साली निनावी प्रसिद्ध झाली. तीतील निर्मित जीव कुरूप असला तरी वाक्पटू आहे. एका झोपडीच्या आडोशाला राहून तो भाषा शिकतो. मिल्टन, प्लूटार्क आणि ग्योटे वाचतो. आपल्या निर्मात्याशी तो तर्कशुद्ध वाद घालतो. कादंबरीच्या शीर्षकपृष्ठावर मिल्टनच्या महाकाव्यातील आदमाची तक्रार उद्धृत केलेली आहे, आणि सारी कथा त्या तक्रारीचाच विस्तार आहे. १८२३ साली रिचर्ड ब्रिन्सली पीक याने लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे 'प्रिझम्प्शन' नावाचे नाट्यरूप आणले आणि त्यात या जीवाची वाचाच काढून घेतली. प्रयोगाच्या जाहिरातपत्रकात नटाच्या नावासमोर पात्राच्या नावाची जागा कोरी सोडलेली होती. मेरी शेलीने हा प्रयोग पाहिला. नामहीनाला नाव देण्याची ही रीत तिला आवडली. पुढे शंभरांहून अधिक वर्षांनी जेम्स व्हेलच्या चित्रपटातील आरंभीच्या पात्रयादीत राक्षसासमोर नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आले. बोरिस कार्लॉफ हे नाव प्रेक्षकांना अखेरच्या यादीतच वाचावयास मिळाले.

मूळ कादंबरीशी तुलना करून चित्रपटाला उणे ठरविणारे टीकाकार या मूकत्वालाच सर्वांत मोठी हानी मानतात. हानी झाली हे खरेच. खुनी माणसाचा मेंदू चुकीने बसविला गेला, ही चित्रपटाने घातलेली भर तर कादंबरीचा सारा नैतिक युक्तिवाद मोडून टाकते. जन्मतःच दुष्ट असलेल्याला समाजाने दुष्ट केले असे म्हणता येत नाही. चित्रपटाचे सुदैव असे की, कार्लॉफच्या अभिनयाने ही भर निष्प्रभ केली. पटकथा ज्याला गुन्हेगार म्हणते, त्याच्या मुद्रेवर पडद्यावर गुन्ह्याचा लवलेशही दिसत नाही.

येथे एका दृश्याचा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे. राक्षस प्रथम दिसतो तो पाठमोरा. तो दारातून उलट पावलांनी आत येतो, सावकाश वळतो, आणि छायालेखक आर्थर एडेसनचा कॅमेरा दोन झेपांत त्याच्या मुखापर्यंत जातो. जॅक पियर्सची रंगभूषा म्हणजे सपाट माथा, मेणाचे थर देऊन जड केलेल्या पापण्या आणि खोल गेलेला गाल. कृत्रिम दात काढून ठेवल्यामुळे कार्लॉफला तो गाल लाभला होता. इथवर केवळ भयानकाची सामग्री आहे. त्यानंतर निर्माता छताची झडप उघडतो. अंधाऱ्या दालनात वरून उजेड उतरतो. राक्षस मान वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो. जणू तो ओंजळीत धरता येईल. झडप बंद होते. हात तसेच रिकामे राहतात, आणि मग ते निर्मात्याकडे वळतात. एकही शब्द न उच्चारता येथे मागणी केली जाते आणि ती नाकारलीही जाते. कादंबरीतील जीवाला जी तक्रार मांडण्यास अनेक प्रकरणे लागली, ती येथे दोन हातांनी मांडली आहे.

हे दृश्य रंगांत घडू शकले नसते, असे म्हणण्यास आधार आहे. भरताने नाट्यशास्त्रात रसांचे वर्ण सांगताना भयानकाला कृष्ण आणि करुणाला कपोत, म्हणजे पारव्याचा करडा, असा वर्ण दिला आहे. भरतासमोर अर्थातच दुसरी रंगभूमी होती, आणि या वर्णांची चित्रपटाशी जुळणी करणे हा शास्त्रार्थ नव्हे. तरीही ज्या माध्यमाजवळ काळा, पांढरा आणि त्यांच्यामधील करडा एवढीच सामग्री होती, त्यात भयानकाकडून करुणाकडे जाण्याचा मार्ग अंधारातून करड्या उजेडात येण्याइतकाच लांब राहतो, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कार्लॉफच्या मुखावरील लेप प्रत्यक्षात हिरवट करडा होता. तो फिल्मवर प्रेतासारखा फिका उमटावा म्हणून निवडलेला होता. पुढे खेळण्यांवर आणि भित्तिपत्रांवर राक्षस हिरवा झाला. म्हणजे जो रंग दिसू नये अशीच योजना होती, तोच त्याची ओळख होऊन बसला!

१९५७ साली इंग्लंडमधील हॅमर या संस्थेने हीच कथा रंगांत आणली. तेथे रक्त आहे, अवयव आहेत, आणि लक्ष निर्जीव देहांच्या जोडकामावर खिळते. भरताने बीभत्साचा वर्ण नील सांगितला होता. रंगीत पडद्यावर मात्र तो तांबडा ठरला. या मालिकेतील पुढच्या चित्रपटांचा नायक राक्षस नसून त्याचा निर्माता आहे, हा योगायोग नव्हे. बीभत्साकडे पाहणारा प्रेक्षक तोंड फिरवतो, आणि तोंड फिरविलेल्याला समोरच्याचे मुख दिसत नाही.

व्हेलच्या चित्रपटातील तळ्याकाठच्या प्रसंगाचा इतिहास या दृष्टीने विलक्षण आहे. लहानगी मारिया राक्षसाला भीत नाही. ती त्याला फुले देते. दोघे ती पाण्यावर टाकतात आणि ती तरंगताना पाहतात. फुले संपतात. राक्षस आनंदाने मुलीला उचलतो आणि फुलासारखी तीही तरंगेल या समजुतीने पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो घाबरून पळतो. नियंत्रकांना हा तुकडा असह्य वाटला आणि तो कापला गेला. पुढे अनेक दशके प्रेक्षकांनी पाहिले ते एवढेच, की राक्षस मुलीकडे हात नेतो, आणि नंतर तिचा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाने काय काय कल्पिले असेल ते सांगावयास नको. नीतिरक्षणासाठी लावलेल्या कात्रीने एका अजाण अपघाताचे हेतुपूर्वक कृत्य केले. हा तुकडा १९८०च्या दशकात चित्रपटाला पुन्हा जोडण्यात आला.

चित्रपटाच्या अखेरीस मशाली आणि कुत्री घेऊन निघालेला जमाव राक्षसाला पवनचक्कीत कोंडतो आणि ती पेटवून देतो. येथे अभिनवगुप्ताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रसप्रतीतीचे स्वरूप स्पष्ट करताना त्याने 'शाकुंतला'तील पाठलाग होत असलेल्या हरिणाचे उदाहरण घेतले. प्रेक्षकाला प्रतीत होते ते 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' असे नव्हे, तर देशकालाच्या मर्यादेतून सुटलेले केवळ भय. लक्षणीय बाब अशी की, भयानकाच्या विवेचनासाठी अभिनवगुप्त भिववणाऱ्याकडे गेला नाही, तर भ्यालेल्याकडे गेला. पवनचक्कीतील राक्षस म्हणजे तेच हरीण. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली होती: वाचक पात्राशी एकरूप होतो आणि त्याच वेळी स्वतःचे भानही राखतो. या चित्रपटाचा प्रेक्षक एकाच वेळी मशालवाल्या जमावात असतो आणि पवनचक्कीतही असतो. केळकरांच्या कल्पनेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु या अनुभवाचे वर्णन करण्यास तिच्याइतके सोयीचे साधन मराठी समीक्षेत दुसरे नाही.

मराठी लेखनात फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासाठी 'भस्मासुर' हा शब्द सर्रास योजला जातो. निर्मात्यावरच उलटणारी शक्ती एवढे साम्य त्यास पुरे होते. परंतु भस्मासुराने तप करून वर मागितला होता. या जीवाने काहीच मागितले नव्हते, जन्मदेखील नाही. या भेदाकडे दुर्लक्ष झाले की कथेतील दोष निर्मात्याच्या खांद्यावरून निर्मिताच्या खांद्यावर जातो.

सर्वच कृष्णधवल भयपटांना हा विचार लागू पडत नाही, हे मान्य करावयास हवे. टॉड ब्राउनिंगच्या 'ड्रॅक्युला'त (१९३१) बेला लुगोसीचा सरदार पीडित नाही. त्याचे आकर्षण निराळे, बरेचसे त्याच्या उच्चारांत आणि मंद हालचालींत आहे. आणि चित्रपटाचा उत्तरार्ध नाटकी संवादांत अडकून पडतो. त्याच कथेवर मुर्नाऊने काढलेला मूकपट 'नोस्फेराटू' (१९२२) कितीतरी वरच्या दर्जाचा आहे. जिन्यावरून चढणारी त्यातील केवळ सावली अनेक बोलपटांना पुरून उरते. उलट 'किंग काँग' (१९३३) आणि 'द वुल्फ मॅन' (१९४१) यांचा टिकाऊपणा याच सूत्राने उलगडतो. साखळदंडांत आणलेला काँग मनोऱ्याच्या टोकावर विमानांच्या गोळ्यांनी मरतो. आणि लांडगा होणाऱ्या माणसाला तर सर्वाधिक भय स्वतःचेच आहे.

इशिरो होंडाचा 'गोजिरा' नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. चित्रपटातील प्राणी अशाच चाचण्यांनी समुद्रतळातून उठविलेला आहे. तो तोक्यो जाळतो. पण होंडाने त्याच्या पराक्रमाबरोबरच रुग्णालयातील जखमींवर आणि जळत्या रस्त्यावर मुलांना पोटाशी धरून बसलेल्या आईवरही वेळ खर्च केला. ज्या देशाने नऊच वर्षांपूर्वी आपली शहरे अशी पाहिली होती, त्या देशातील प्रेक्षकाला ही करडी दृश्ये वार्तापटाहून वेगळी वाटली नसावीत. वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने प्राण्याला मारू नये असे म्हणतो. ज्याच्यापाशी त्याला मारण्याचे साधन आहे तो सेरिझावा आपले कागद जाळतो आणि त्या प्राण्याबरोबर समुद्राच्या तळाशी स्वतःलाही संपवतो. येथे निर्मात्याला आपल्या निर्मितीचे भय आधीच कळलेले आहे, आणि व्हेलच्या चित्रपटातील उतावीळ तरुणापुढचे हे एक पाऊल आहे. १९५६ साली अमेरिकेत याच चित्रपटाचा एक अमेरिकन वार्ताहर घालून नवा पाठ करण्यात आला. त्यात बाँबविषयीचा पुष्कळ भाग गळाला आणि प्राणी तेवढा उरला.

व्हेलच्या चित्रपटावरील सर्वांत सखोल भाष्य कोणत्याही ग्रंथात नसून ते एका स्पॅनिश चित्रपटात आहे. व्हिक्तोर एरिसेच्या 'एल एस्पीरितु दे ला कोल्मेना'त (१९७३), म्हणजे 'मधाच्या पोळ्यातील आत्मा' या चित्रपटात, यादवी युद्ध संपल्यानंतरचे कॅस्टीलमधील एक खेडे आहे. साल १९४०. फिरत्या सिनेमावाल्याने 'फ्रँकेन्स्टाइन' आणला आहे. गावकरी आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. एरिसेचा चित्रपट रंगीत आहे. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र काळे, पांढरे आणि करडे. दाखविली जाते ती कापलेली प्रत. फुले दिसतात, नंतर प्रेत दिसते. सहा-सात वर्षांची आना बहिणीच्या कानाशी लागून विचारते, त्याने तिला का मारले, आणि मग त्यांनी त्याला का मारले? बहीण उत्तर पुढे ढकलते. रात्री ती सांगते की सिनेमात सगळे खोटेच असते, कोणी मेलेले नाही. तो एक आत्मा आहे आणि गावाबाहेर राहतो. आना त्याला शोधत राहते. माळावरच्या पडक्या घरात तिला एक जखमी सैनिक सापडतो, पळालेला, पाठलागावर असलेल्यांना भ्यालेला. ती त्याच्यापुढे सफरचंद धरते. नंतर बापाचा कोट नेऊन देते. त्या रात्री त्या घरावर गोळ्या झाडल्या जातात.