नीलजिव्हा रोग : मेंढपाळाचे ऋतुनियोजन
दख्खनी मेंढ्यांचे कळप राखणारे अनेक धनगर पावसाळा कोरड्या पठारावर काढतात व दिवाळीनंतर कोकणात उतरतात. डोंगरउतारावरील अल्पभूधारकास ही सोय नसते. त्याला वाड्याचीच निगा राखावी लागते. नीलजिव्हा या विषाणुजन्य रोगाबाबत हे विशेष खरे आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली. क्युलिकॉइडिस हे सूक्ष्म रक्तशोषक कीटक त्याचा प्रसार करतात. त्यामुळे केवळ आजारी मेंढी वेगळी बांधणे पुरेसे नाही.

उन्हाळा : वाड्यातील लेंड्या काढून वरच्या बाजूस चर खणावा. पावसापूर्वी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसीकरण करावे.

पावसाळा : या कीटकांच्या अळ्या शेणमिश्रित चिखलात वाढतात. प्रौढ कीटक प्रामुख्याने सायंकाळ ते पहाट चावतात. म्हणून सूर्यास्तापूर्वी कळप उंच, कोरड्या जागी आणावा. गाई-म्हशींमध्ये लक्षणे न दिसताही विषाणू असू शकतो. त्यांचा गोठा वाड्यापासून दूर असावा.

पावसाळ्याची अखेर : ताप, ओठांची सूज, तोंडात व्रण, लंगडणे दिसताच पशुवैद्यकास कळवावे. जीभ प्रत्येक मेंढीची निळी पडत नाही. त्या लक्षणाची वाट पाहणे कळपास महागात पडते.

हिवाळा : कीटक घटतात, वाड्याच्या दुरुस्तीस हाच योग्य काळ.