आघात-संदमक : सैल गोळीने कंपनाचे शमन

यंत्राचा एखादा भाग सैल होऊन खडखडू लागला की कारागीर पाना घेऊन तो आवळतो. यंत्रशाळेत सैलपणा हा दोष मानला जातो आणि बहुधा ते योग्यच असते. परंतु एखादी जड गोळी मुद्दाम सैल ठेवून कंपन कमी करण्याची युक्तीही अभियंत्यांनी शोधून काढली आहे. या योजनेला आघात-संदमक असे म्हणतात.

तिची गरज किती निकडीची असू शकते हे बाष्प टर्बाइनच्या पात्यांवरून कळते. प्रत्येक पात्याची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते. वाफेच्या झोतांचे धक्के नेमके त्याच तालात बसू लागले म्हणजे अनुस्पंदन घडून येते आणि पाते अधिकाधिक डोलू लागते. लक्षावधी वेळा वाकल्याने धातू थकतो, त्याला सूक्ष्म चीर पडते व अखेरीस पाते तुटते. वेगाने फिरणाऱ्या चक्रावरून सुटलेले असे एक पाते शेजारच्या पात्यांचाही चुराडा करू शकते. या पात्यांचे कंपन आघातांच्या साहाय्याने आवरण्याविषयी पॅजेट या संशोधकाने १९३७ मध्ये लेख प्रसिद्ध केला.

रचना अगदी साधी असते. कंप पावणाऱ्या भागावर एक पोकळ डबी घट्ट बसवितात व तीत थोडी मोकळी जागा राखून गोळी ठेवितात. समजा, १० किलोग्रॅम वजनाचा भाग सेकंदास २० सेंटिमीटर वेगाने उजवीकडे चालला आहे आणि अर्धा किलोग्रॅमची गोळी सेकंदास ३० सेंटिमीटर वेगाने डावीकडे येत आहे. टकरीनंतर दोन्ही वस्तू, जवळ येण्याच्या वेगाच्या निम्म्या वेगाने एकमेकींपासून दुरावतात असे धरले, तर संवेगाच्या नियमानुसार त्या भागाचा वेग सुमारे १६.४ सेंटिमीटर उरतो. एवढ्याशा गोळीच्या एकाच टकरीने त्याची गतिज ऊर्जा जवळजवळ एक-तृतीयांशाने घटली! तिच्यातील काही अंश उष्णता व ध्वनी यांच्या रूपाने निघून जातो. उरलेला गोळीपाशी राहतो.

मात्र टक्कर समोरासमोर व्हावयास हवी. गोळीने मागून येऊन पुढच्या भिंतीला धक्का दिला तर कंपनाला उलट जोरच मिळेल. म्हणून मोकळ्या जागेचे माप हाच या विषयाचा गाभा होय. लीबर व जेन्सन यांनी १९४५ मध्ये या प्रश्नाचा विचार केला. गोळी भिंतीवरून मुळीच उसळत नाही असे मानल्यास, डबी मध्यबिंदूवर सर्वाधिक वेगात असताना गोळी तिच्यापासून सुटते व त्याच वेगाने सरळ जाते. डबी अर्धे आंदोलन संपवून उलट दिशेने मध्यबिंदूवर येईल त्याच क्षणी गोळी समोरच्या भिंतीवर आदळावी, यासाठी मोकळी जागा डोलाच्या पल्ल्याच्या (मध्यापासून एका टोकापर्यंतच्या अंतराच्या) सुमारे ३.१४ पट ठेवावी लागते.

यातच या साधनाची उणीवही दडलेली आहे. कंपन शमून पल्ला निम्मा झाला की गोळीचा वेगही निम्मा होतो. ती पूर्ण एका आंदोलनानंतर पोहोचते. तेव्हा भिंत तिच्याच वेगाने तिच्याच दिशेने चाललेली असते. मग टक्कर कसली? अतिसूक्ष्म कंपनात तर गोळी घर्षणामुळे जागची हलतही नाही. शिवाय आवाज होतो आणि पृष्ठभाग झिजतात ते वेगळेच.

एका गोळीऐवजी पुष्कळ बारीक छरे भरले तर आवाज कमी होतो व छऱ्यांच्या परस्पर घर्षणातही ऊर्जा खर्ची पडते. छऱ्यांनी भरलेल्या पोकळ डोक्याचा हातोडा याच तत्त्वावर चालतो. घाव बसून डोके उसळू लागते तोच मागून आलेले छरे त्याला खाली दाबतात, आणि हातोडा कामावरच टेकून राहतो. वाऱ्याने डोलणाऱ्या उंच खांबांच्या पोकळीत रबराचे आवरण घातलेली साखळी टांगतात. खांब डोलू लागला की ती आतून त्याच्या भिंतीवर आपटत राहते.