पिन बोटानं सरकली पाहिजे

चिपळूण

चि. निखिल यास,


तुझा फोन आला तेव्हा गॅरेजात गर्दी होती, धड बोलता आलं नाही. कॅलिपरची पिन जाम निघाली, शेठ म्हणाले, ‘पॅड बसतोय ना? मग बसव आणि गाडी सोड,’ आणि तू अडून बसलास. बरं केलंस. आता पुढचं सविस्तर लिहितो.

आधी एक सवय लावून घे. जुने पॅड काढलेस की लगेच फेकू नकोस. कुठला आतला, कुठला बाहेरचा, कुठल्या चाकाचा, ते ध्यानात ठेवून बाकावर मांड. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून उलटा सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. हे सरकणं अगदी थोडं असतं, पण बाहेरच्या पॅडचं सगळं काम त्यावर चालतं. पिना अडल्या की आतला पॅड पत्र्याला टेकतो आणि बाहेरच्यात भरपूर माल शिल्लक दिसतो. एकच पिन अडली, तर पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा तिरका झिजतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पॅड हलके निघाले.’ तू पॅडला नावं ठेवण्याआधी पिना हलवून बघ. पिस्टन चिकटला तरी आतलाच पॅड जास्त खातो, म्हणून मागे ढकलताना तो सुरळीत जातो का, तेही बघ. ढकलताना बाटलीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते सांडलं तर रंग खातं.

गाडी मालवणकडची आहे म्हणालास, मग नवल नाही. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी. पिनेवरच्या रबरी बुटाला बारीकशी चीर गेली तरी तिथून पाणी आत जातं, ग्रीस सुकतं आणि पिन ब्रॅकेटच्या भोकात गंजून बसते. अशी गाडी सपाटीला चालून जाते. कुंभार्ली घाट उतरताना मात्र डिस्कला घासत राहिलेला पॅड चाक तापवतो आणि ती आच ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल प्यायलेल्या ऑइलला तीच हद्द १४० वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. शेठना ‘वेळ लागेल’ सांगताना हे डोक्यात असू दे.

आता सोडवायचं कसं. गाडी जॅकवर ठेवून काम करू नकोस. स्टँड लाव, मागच्या चाकांना ठोकळे लाव. कॅलिपर सोडलास की तारेनं स्प्रिंगला बांध, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नकोस. अडकलेली पिन सरळ ओढायला जाऊ नकोस, नुसत्या ओढण्यानं गंज सुटत नाही. बुटाची कड उचलून गंज सोडवणारा स्प्रे मार आणि चहा पिऊन ये. मग पिनेच्या डोक्याला पाना लावून थोडी इकडे, थोडी तिकडे अशी फिरव. आधी काहीच हलणार नाही. मग बारीकसा ‘कर्र’ आवाज येईल आणि बुटाच्या कडेनं तपकिरी पूड बाहेर येईल. तिथे घाई करू नकोस. पुन्हा स्प्रे, पुन्हा फिरवणं. पिन गोल फिरायला लागली की मग फिरवत फिरवतच बाहेर घे. जोर लावून डोकं तुटलं तर ब्रॅकेटच बदलावा लागेल.

तरीही हलली नाही, तर ब्रॅकेट गाडीवरून उतरवून व्हाइसमध्ये धर, रबरी बूट काढून टाक आणि ब्रॅकेटच्या लोखंडाला बाहेरून आच दे. कॅलिपर अंगावर असताना आग लावायची नाही, आत रबरी सील आणि ऑइल असतं. ज्या भागावर ब्रेक क्लीनर मारला आहेस, त्यालाही आच दाखवू नकोस. काही क्लीनर तापले की विषारी वायू होतो.

पिन निघाली म्हणजे निम्मं काम झालं. स्प्रे आत तसाच ठेवून पिन परत घालशील, तर काही महिन्यांत गाडी परत येईल. भोक बारीक ब्रशनं घासून क्लीनरनं धू, पूर्ण सुकव. पिनेवर नखाला लागणारे खड्डे असतील, तर पॉलिश पेपर मारत बसू नकोस, नवीन पिना आणि बूट घाल. दोन्ही पिना सारख्या असतातच असं नाही. बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. अदलाबदल केलीस तर पहिले पाढे पंचावन्न.

ग्रीस ब्रेकच्या पिनांसाठीचंच घ्यायचं, सिलिकॉनचं. बेअरिंगच्या डब्यातलं ग्रीस तिथे चालत नाही, त्यानं रबर फुगतं आणि तीच पिन पुन्हा आवळून बसते. तेही पातळ थरानं लाव. भोक एका टोकाला बंद असतं. ग्रीस कोंबलंस तर पिन आत दाबल्यावर परत बाहेर येते. पिन बसवताना बुटाची कड दाबून आतली हवा जाऊ दे. पॅडचे कान बसतात त्या जागाही तारेच्या ब्रशनं घास, तिथल्या गंजानंही पॅड अडतो. ती काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नकोस, ओल्या फडक्यानं पूस.

बोल्ट आवळण्याआधी एक परीक्षा घे. पिन बोटांनी आत-बाहेर करून बघ. बोटानं सरकली नाही, तर पॅड कितीही महाग असो, काम झालं नाही. गिऱ्हाईक पॅडचे पैसे देतं, कारण पॅड त्याला दिसतो. पिन त्याला दाखवणं आपलं काम. जुने पॅड त्याच्या हातात ठेव, जाडीतला फरक दाखव, आणि मग जादा मजुरी सांग. बहुतेक माणसं समजून घेतात. एखादा नाहीच म्हणाला, तर बिलावर लिहून दे, पण जाम पिनेवर नवे पॅड चढवून ‘झालं’ म्हणू नकोस.

शेवटचं, आणि हे विसरलास तर वरचं सगळं फुकट. पिस्टन मागे ढकलल्यावर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. गाडी जागेवर असतानाच ते घट्ट होईपर्यंत दाब, ऑइलची पातळी बघ, रिकाम्या रस्त्यावर सावकाश ट्रायल मार, आणि मगच चावी दे.

ताईला अधूनमधून फोन करत जा.

तुझा,
मामा