ज्ञान रुग्णाच्या दारी

तमिळनाडूत कुंभकोणमहून तंजावरकडे निघाले, की थोड्याच अंतरावर तिरुवलंचुळी हे गाव लागते. ते श्वेतविनायकाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. अशा लहान गावातील रुग्णाला एखादा अपरिचित विकार जडला आणि त्यावरील ग्रंथ दूरच्या शहरात असला, तर तेथील डॉक्टरने काय करावे?

या प्रदेशावर सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसले घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या हातून १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला. विद्येचा ध्यास मात्र सुटला नाही. तंजावरच्या धन्वंतरी महालात त्यांनी देशी व पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी मंडळी एकत्र आणली. तेथे औषधांची पारख होई. नेत्ररुग्णांची लक्षणे आणि उपचार सविस्तर लिहून ठेवले जात. सोबत डोळ्यांची चित्रेही काढली जात. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हस्तलिखितांबरोबर युरोपातील छापील ग्रंथही जमवले. यात्रेकरूंसाठी असलेल्या छत्रांत आजाऱ्यांवर उपचार करणारे वैद्यही असत, असे १८०१ च्या त्यांच्या पत्रावरून कळते.

वैद्य छत्रात होता. ग्रंथसंग्रह मात्र राजवाड्यात होता. हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले ते १९१८ मध्ये. संग्रह कितीही मोठा असला, तरी गरजवंतापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याचे सार्थक होत नाही.

हे अंतर मिटवण्यासाठी विसाव्या शतकात वैद्यकीय ग्रंथालयांची जाळी विणली गेली. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने प्रादेशिक वैद्यकीय ग्रंथालयांना साहाय्य मिळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९७९ मध्ये आग्नेय आशियातील देशांसाठी ‘हेलिस’ हे जाळे उभे राहिले. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या समन्वयाने २००८ मध्ये ‘अर्मेड’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातून सहभागी संस्थांना वैद्यकीय नियतकालिके संगणकावर वाचता येऊ लागली.

जाळ्याची रीत साधी असते. प्रत्येक ग्रंथालय आपल्या संग्रहाची सूची इतरांना देते. एखादा लेख जवळच्या ग्रंथालयात नसेल, तर ग्रंथपाल तो कोठे आहे हे शोधतो आणि त्याची प्रत मागवून घेतो. त्यामुळे प्रत्येक संस्थेला सर्व महागडी नियतकालिके विकत घ्यावी लागत नाहीत.

रुग्णाला ग्रंथपालाचे नावही ठाऊक नसते. तरीही योग्य माहिती वेळेवर मिळाली, तर चुकीचा उपचार टळू शकतो. धन्वंतरी महालातील लेखनिकाने रुग्णाची लक्षणे टिपून ठेवली, ती पुढच्या वैद्याच्या उपयोगी पडावीत म्हणूनच. टिपणे, जपणे आणि पोहोचवणे या तीन कामांतूनच वैद्यकाचे ज्ञान लोकांचे होते.

पाठगत प्रश्न
१. रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवण्याचा पुढील वैद्यांना कोणता उपयोग होतो?
२. ‘संग्रह’ आणि ‘जाळे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.