फिरती तबकडी

मुलांनो, तुमच्या शाळेत एखादा जुना संगणक आहे का? त्याचे बटण दाबा आणि कान देऊन ऐका. आतून बारीक घरघर ऐकू येते. मध्येच टिकटिक होते. पडद्यावर काम सुरू व्हायला मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. ही घरघर हार्ड डिस्कची असते. आपले लेख, फोटो, गाणी सारे तिच्यातच साठवलेले असते.

हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत गरगर फिरणारी गुळगुळीत तबकडी. तिच्यावर चुंबकीय थर असतो आणि एक लहान दांडा तिच्यावरून मागेपुढे सरकतो. ग्रामोफोनची आठवण झाली ना? तुम्हांला नाही, तर आजोबांना नक्की होईल! पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे दांड्याचे टोक टेकत नाही. ते केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. म्हणून चालू संगणकाला धक्का देऊ नये.

पहिली हार्ड डिस्क अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या. त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ती ज्या यंत्राचा भाग होती, त्याचे भाडे महिन्याला ३२०० डॉलर होते. १९८० साली सीगेट कंपनीने जवळजवळ तेवढीच माहिती मावणारी छोटी डिस्क काढली. तिची किंमत १५०० डॉलर होती. आज एक टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. पहिल्या डिस्कसारख्या सुमारे दोन लाख डिस्कमधली माहिती तिच्यात राहील.

मग वेगही दोन लाख पट वाढला असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. पहिली तबकडी मिनिटाला १२०० फेरे घेई. आजच्या पुष्कळ तबकड्या ७२०० घेतात, म्हणजे फक्त सहा पट! हवी ती जागा सापडायला पूर्वी अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागे. आता सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग लागतो. दांडा सरकायला आणि तबकडी फिरून यायला वेळ हा लागणारच.

ग्रंथपालांकडे एक जाडजूड पुस्तक मागा. ते एकदाच उठतील. शंभर कपाटांतली शंभर पातळ पुस्तके मागितली तर? संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच इकडून तिकडून आणाव्या लागतात.

नव्या एसएसडीमध्ये तबकडीच नसते. सारी माहिती चिपमध्ये असते. तिला जागा शोधायला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. मोठी फिल्म उतरवताना वेगातला फरक त्या मानाने कमी असतो, पण बारीक फाइलींच्या कामात शंभर पटींपर्यंत फरक पडतो. मात्र तेवढ्याच पैशांत फिरती डिस्क जास्त जागा देते.

तेव्हा जुना संगणक लगेच भंगारात देऊ नका. त्यात लहानशी एसएसडी बसवून घ्या. जुनी डिस्क फोटो ठेवायला वापरा. ती कधी बंद पडेल याचा नेम नाही, म्हणून त्यांची दुसरी प्रत वेगळीकडे ठेवा. मग बटण दाबा आणि पुन्हा कान द्या. घरघर संपायची वाट पाहावी लागणार नाही. अर्ध्या मिनिटात पडदा तयार असेल.