रोजची भाकर : कोणाची?

लोहगडवाडीच्या खाचरांत भात पिकतो, तरी प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकरच मागतो. शब्द भाकरीचा, अर्थ अवघ्या अन्नाचा. हे सोपे आहे. कठीण शब्द 'आमची' हा होय. भरल्या घरी तो सहज उच्चारिला जातो.

पंडिता रमाबाईंचे आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली-स्त्रियांस घेऊन आल्या; त्यांतूनच आपल्या जिल्ह्यातील केडगावचे मुक्तिसदन वाढले.

'आमची' म्हणजे कोणाकोणाची, असे मी वर्गात विचारितो. मुले प्रथम घरच्यांची नावे घेतात. मग कोणी एखादा, जरा थांबून, लावणीस येणाऱ्या मजुराचे घेतो.