बाटलीत मुरणारी बिअर आणि साखर

बिअर म्हणजे ताजी अन् गार प्यायची वस्तू, असा आपला समज असतो. हलक्या बिअरपुरता तो खराच आहे. ती काही महिन्यांत शिळी पडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. पण बेल्जियममध्ये काही कडक बिअर तळघरात पाच-दहा वर्षे मुद्दाम मुरवतात. त्यात साखरेचा वाटा मोठा आहे, म्हणून हा विषय घेतला. पिण्याची शिफारस म्हणून नव्हे, हे आधीच सांगतो.

१९१९ साली तिथल्या सरकारने गुत्त्यांत कडक दारू विकण्यास बंदी केली. गिऱ्हाईक जोरकस बिअरकडे वळले. आता नुसते जव वाढवून बिअर कडक केली, तर ती दाट अन् गुळमट होते. साखर मात्र यीस्ट सगळी खाऊन टाकते. मद्यार्क वाढतो, बिअर जड होत नाही. तिकडे ही साखर पुष्कळदा खडीसाखर किंवा काळपट पाक म्हणून घालतात. ती बीटाची असते, पण रसायन उसाच्या साखरेचेच.

खरी गंमत बाटली भरताना. लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम साखर आणि थोडे ताजे यीस्ट घालून बूच मारतात. आत पुन्हा आंबवण होते, फेसाचा वायू तयार होतो, आणि बाटलीत अडकलेला प्राणवायू यीस्ट खाऊन टाकते. बिअर टिकते ती यामुळे. साखर जास्त पडली तर बाटली फुटते. इथे मुठीचा अंदाज चालत नाही.

कोणी म्हणेल, मग आपली साखर तिकडे खपेल काय? हिशेब करा. या भरणीला १०० किलोचे एक पोते १२ हजार लिटरहून जास्त बिअरला पुरते! पैसा साखरेत नाही, मुरवण्यात आहे.

शिमे येथील मठाची निळ्या लेबलाची बिअर ९ टक्के मद्यार्काची, आणि मोठ्या बाटलीवर साल छापलेले. वर्षागणिक कडूपणा उतरतो, मद्यार्काचा झटका मऊ होतो, मनुका-खजुराची चव येते. त्यासाठी १० ते १३ अंशांचा एकसारखा गारवा आणि अंधार हवा, बाटली उभी हवी म्हणजे गाळ तळाशी बसतो. उजेड लागला की हॉपच्या कडू अंशातून घाणेरडा वास सुटतो. आपल्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात ठेवाल तर वर्षांचे काम महिन्यांत होईल, तेही वाईट. फार वर्षे ठेवली तरी मेलेले यीस्ट विरघळून सोया सॉससारखी चव येते. म्हणून जाणते लोक एकाच सालच्या पाच-सहा बाटल्या घेतात अन् दर वर्षी एक उघडून बघतात.